चोरीची नोंद का करावी? – विहिरीवरच्या मोटारी, गोडाऊन व गाळे यांच्या राखणीविषयी थोडे



ऊस विकास खात्याचा माणूस बेणे, खते सोडून पोलीस ठाण्याविषयी का लिहितो, असे काहींना वाटेल. त्याचे कारण पाण्यातच आहे. एप्रिल-मे महिन्यांत सुरू उसाला फुटवे येत असतात, आडसाली ऊस जोमाने वाढत असतो आणि मध्यम जमिनीत आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी यावीच लागते. नेमकी त्याच वेळी विहिरीवरची केबल कोणी कापून नेली, तर नवी केबल आणणे, वायरमन गाठणे, मोटार वर काढून पुन्हा सोडणे यात एक पाळी हमखास चुकते, कधी दोन चुकतात. केबलची किंमत दुकानदार सांगतो. चुकलेल्या पाळीची किंमत पुढल्या हंगामात वजनकाट्यावर कळते. म्हणून हा विषय शेतकी खात्याचाच आहे असे मी मानतो.

शिवारात फिरताना चोरीची हकिगत ऐकायला मिळते. फिर्याद दिली का, असे विचारले की बहुतेक ठिकाणी ठरलेले उत्तर येते. "गेली तर गेली साहेब. पोलिसांच्या मागं कोण हिंडतंय? सापडायची तर न्हाईच." या उत्तरात कंटाळा आहे, ठाण्याची पायरी चढण्याचा संकोच आहे आणि काही अंशी अनुभवही आहे. तो अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या उत्तराने आपण आपलेच काय नुकसान करून घेतो, ते समजून घेतले पाहिजे.

पोलीस ठाण्याच्या हद्दीत अनेक गावे असतात. त्यांचे भाग पाडून बीट केलेली असतात, प्रत्येक बीटाला अंमलदार नेमलेला असतो. काही ठिकाणी मोठ्या गावी दूरक्षेत्र असते. रात्रीची गस्त कोठे घालायची, कोणत्या रस्त्यावर नाकाबंदी करायची, हे ठरविताना ठाणे अधिकारी नोंदलेले गुन्हे पाहतात. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारची चोरी झाली, हे तेथील दप्तरातून दिसते. आता ओढ्याकाठच्या शिवारात महिनाभरात पाच केबली गेल्या आणि फिर्याद एकीचीही नाही, तर दप्तराच्या लेखी त्या शिवारात शांतता आहे! गस्तीची गाडी मग बाजारपेठेच्या रस्त्यानेच फिरणार, कारण तेथल्या दुकानदारांनी नोंद केलेली असते. पोलीस येत नाहीत म्हणून आपण नोंद करत नाही, आणि नोंद नाही म्हणून पोलीस येत नाहीत. हे रहाटगाडगे कोठे तरी थांबवायचे तर ते आपल्या बाजूनेच थांबवणे शक्य आहे.

दुसरे असे की चोर सापडतो तेव्हा तो एका चोरीत सापडतो, पण त्याने केलेल्या चोऱ्या अनेक असतात. तपासात तो चार गावांची नावे घेतो. ज्या गावांत गुन्हा नोंद असतो, तेथला माल तेथल्या फिर्यादीशी जुळविला जातो. नोंद नसलेली मोटार ठाण्याच्या आवारात गंजत पडते, आणि मालक इकडे बँकेचे कर्ज काढून नवी घेतो.

कायद्यात झालेला बदल

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. यातला एक बदल शेतकऱ्याला थेट लागणारा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

पूर्वी चोरी कितीही रुपयांची असो, गुन्हा दखलपात्र होता. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस फक्त नोंद घेतात आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याशिवाय तपास करत नाहीत. उघड्या बांधावरून केबलचा तुकडा गेला आणि आपण अंदाजाने "असंल दोन-तीन हजाराची" असे सांगून आलो, तर प्रकरण तेथेच संपले. वास्तविक केबलबरोबर स्टार्टरमधले सामान, फ्यूजची किटकॅट, पितळी व्हॉल्व्ह असे काय काय गेले हे आपण पाहिलेलेच नसते. तेव्हा ठाण्यात जाण्यापूर्वी गेलेल्या मालाची पूर्ण यादी करा. केबलची लांबी व जाडी लिहा, दुकानातून भाव विचारून घ्या. किंमत फुगवू नका, पण कमीही सांगू नका.

माल कोठून गेला हेही महत्त्वाचे आहे. राहते घर किंवा माल ठेवण्यासाठी वापरात असलेली इमारत यातून चोरी झाली, तर संहितेचे कलम ३०५ लागते. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तेथे पाच हजारांची अट नाही. गोडाऊन, दुकानगाळा, खताची खोली यात येतात. माल किंवा माणसे वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरीही याच कलमात धरली आहे. ट्रॉली गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. म्हणून मोटारघराला दार होते काय, कुलूप होते काय, ते तोडले की कोयंडा उपटला, हे फिर्यादीत स्पष्ट लिहून द्यावे. कलम कोणते लावायचे ते पोलीस ठरवतील, पण आपण सांगितलेच नाही तर ते कशावरून ठरवणार?

फिर्याद देताना

चोर प्रत्यक्ष रानात दिसत असतील तर प्रथम ११२ क्रमांकावर फोन करावा. चोरी होऊन गेली असल्यास पोलीस पाटलांना सांगून ठाण्यात जावे. पोलीस पाटील हे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले असतात. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे त्यांचे कर्तव्य आहे. मात्र पाटलांना सांगितले म्हणजे फिर्याद झाली, असा समज काही गावांत आहे तो चुकीचा आहे. गुन्हा ठाण्यातच नोंदला जातो. तेथे ठाणे अंमलदारांना भेटावे.

फिर्याद ज्याच्या नावे सातबारा त्यानेच दिली पाहिजे असेही नाही. आपल्याकडे वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावे, सातबारा चुलत्यांच्या नावे आणि पाणी पाजणारा भलताच, ही घरोघरची स्थिती आहे. ज्याला घटना माहीत आहे तो खबर देऊ शकतो. सामाईक विहिरीवर तर "थोरल्यानं द्यावी, धाकट्यानं द्यावी" यातच आठवडा जातो. तोवर तांबे वितळलेले असते.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी खटल्यातील निकाल २०१३ सालचा आहे. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदविता येतो. यालाच झीरो एफ.आय.आर. म्हणतात. समजा ऊस खाली करून परत जाताना दुसऱ्या तालुक्यातल्या धाब्यावरून ट्रॉली गेली, तर आपल्या गावच्या ठाण्यात येण्याची वाट पाहू नका, जवळचे ठाणे गाठा. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची असते. ती मागून घ्या आणि घरी शिक्षापत्रिका, सातबारा असतात त्या पिशवीत ठेवा.

"चौकशी चालू आहे" असे सांगितले गेले तर तेही नियमात बसणारे असू शकते. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते. पण तिला १४ दिवसांची मुदत आहे. कोणी नोंद घेतलीच नाही, तर खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तेथूनही काही न झाल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवावी. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कोठवर आला हे फिर्यादीला कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहे.

चोर न सापडल्यास "गुन्हा खरा, पण तपास लागला नाही" असा अहवाल न्यायालयात जातो. त्याला अ समरी म्हणतात. ज्यांनी पंपसंचाचा विमा उतरविला आहे त्यांना विमा कंपनी एफ.आय.आर. व पंचनाम्याबरोबर हा अहवालही मागते. म्हणजे चोर सापडला नाही तरी फिर्याद वाया जात नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतील संचांना पाच वर्षांच्या दुरुस्ती-हमीबरोबर विमाही आहे. पॅनेल चोरीला गेल्यास तेथेही आधी पोलिसांचाच कागद लागतो. डी.पी.तले तेल किंवा तांबे गेले तर डी.पी. महावितरणची आहे, तेव्हा त्यांच्या शाखा कार्यालयाला लगेच लेखी कळवावे. वीज कायदा २००३ चे कलम १३६ अशा चोरीसाठीच आहे.

एक अप्रिय गोष्टही सांगून ठेवतो. बऱ्याच फिर्यादींत "संशय अमक्यावर" म्हणून भाऊबंदाचे नाव घातले जाते, कारण बांधाचा वाद जुना असतो. संशय असेल तर तो कशावरून, हे सांगावे आणि संशय म्हणूनच सांगावा. दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी खबर देणे हाही गुन्हा आहे. शिवाय तपास बांधावरच्या भांडणात अडकतो आणि खरा चोर तिसऱ्याच तालुक्यात सुखाने असतो.

नंबर नसेल तर मोटार कोणाची?

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. चोरीचा माल पकडला गेला, तरी तो आपला आहे हे न्यायालयाला दाखवावे लागते, तेव्हाच मुद्देमाल ताब्यात मिळतो. मोटारीवरची कंपनीची पाटी चोर पहिल्यांदा उपटतो. मग एकाच कंपनीच्या, एकाच अश्वशक्तीच्या सहा मोटारी ओळीने ठेवल्या तर मालकही गोंधळतो. "ही माझीच" असे तिघे म्हणतात.

यासाठी नवी मोटार घेताना पक्के बिल घ्या आणि बिलावर मोटारीचा व पंपाचा नंबर लिहून घ्या. नुसते "५ एच.पी. मोटार नग १" एवढ्याने भागत नाही. मोबाईलवर पाटीचा फोटो काढा व तो मुलाला किंवा पुतण्याला पाठवून ठेवा, म्हणजे आपला मोबाईल गेला तरी फोटो राहील. आणि मोटारीच्या अंगावर आपला गट नंबर व नावाची आद्याक्षरे कोरून घ्या. पाणबुडी मोटारीच्या पातळ नळीवर पंच ठोकू नये, आतले वाइंडिंग दुखावते. वरच्या किंवा खालच्या ओतीव भागावर कोरावे. स्टार्टरची पेटी, ठिबकचा फिल्टर, ट्रॉलीची चेसिस यांनाही तसेच करावे. रंगाने लिहिलेले नाव उपयोगाचे नाही, तो खरवडून जातो. कोरलेली मोटार भंगारवाला सहसा हातात धरत नाही.

भंगाराचा विषय निघालाच आहे. तांबे विकले जाते म्हणून चोरले जाते. केबल ओढ्यात नेऊन जाळतात, वरचे रबर जळून तांबे मोकळे होते. रात्री रानात रबर जळाल्याचा वास आला, तर तो दुर्लक्ष करण्याचा वास नव्हे. काही सभासदांनी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल टाकली आहे. तिला चोर कमी, परंतु ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सुलभ जात नाही. त्याच अंतराला जाडी साधारण दीड पटीहून जास्त घ्यावी लागते. जाडी न वाढविता केबल बदलली, तर चोरापासून वाचलेली मोटार कमी व्होल्टेजने जळेल.

पण सगळ्याच मोटारी भंगारात जात नाहीत. काही दुरुस्त होऊन परत शेतातच येतात, आणि येथे आपणही पाहिले पाहिजे. "एक जण देतोय, निम्म्या किमतीत, बिल नाही" अशी मोटार घेण्याचा मोह कोणालाही होतो. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला जागा असताना तो घेणे, हा कलम ३१७ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निम्म्या किमतीची, पाटी उपटलेली, बिल नसलेली मोटार ही 'तसे मानायला जागा' नव्हे काय? जुनी मोटार घ्यायचीच असेल तर देणाऱ्याचे नाव-गाव, आधार कार्डाची प्रत व सहीची पावती घ्या. तो द्यायला कचरला तर उत्तर मिळाले.

गाळे, गोडाऊन व कॅमेरे

आपल्यातील अनेक सभासदांचे रस्त्याकडेला गाळे आहेत, कोणाचे कृषी सेवा केंद्र आहे, कोणाची पोल्ट्री. गाळा भाड्याने देताना भाडेकरूचा करार करावा आणि त्याची माहिती ठाण्यात द्यावी. जिल्ह्यात त्याबाबतचा मनाई आदेश जारी असेल त्या काळात तर ती देणे सक्तीचे असते. कीटकनाशकांच्या साठ्याची रोजची नोंद असेल तर किती माल गेला हे फिर्यादीत सांगता येते. नाही तर अंदाजपंचे बोलावे लागते.

कॅमेरे आता पुष्कळांनी बसविले आहेत. त्यांचे घड्याळ बरोबर आहे का हे कोणी पाहत नाही, आणि मग रात्री दोनची चोरी चित्रात दुपारी चारची दिसते. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून घटना घडल्याबरोबर ते उतरवून घ्यावे. न्यायालयात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्याविषयी तपासी अंमलदारांना विचारावे. निदान एका कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे असावे. आणि पंचनामा होईपर्यंत तुटलेल्या कुलपाला हात लावू नये, शेजारच्या दहा जणांनाही लावू देऊ नये. ठसे त्यावरच असतात.

राखण करताना

उभ्या केबलमध्ये वीज असेल तर चोर हात घालत नाही. त्यामुळे आपल्या फीडरला वीज नसते ती रात्रीची वेळ धोक्याची असते. वेळापत्रक आपल्याला माहीत असते तसे चोरालाही असते. गस्त त्याच वेळेत पाहिजे. पोलीस अधिनियमात गावोगावी स्वयंसेवकांचे संरक्षक दल उभारण्याची तरतूद आहे. ते पोलिसांच्या देखरेखीखाली काम करते. चार तरुणांनी आपल्या मनाने काठ्या घेऊन निघण्यापेक्षा ठाण्यात नावे देऊन हे दल करावे.

संशयित सापडला तर काय? आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिकही धरू शकतो, पण विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. मारहाणीचा अधिकार कोणालाही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते भिक्षा मागून जगणारे, मंगळवेढा भागातले लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक अशा तिघांचा बळी गेला. अफवा उठली की आपल्याकडेही पहिली नजर पालावरच्या माणसांवर जाते, टोळीच्या कोप्यांवर जाते. ऊसतोड मजूर आपला ऊस तोडायला शेकडो कोस दूरवरून आलेले आहेत. त्यांचेही मोबाईल, बैल, कोयते चोरीला जातात आणि परमुलखात त्यांची फिर्याद द्यायला बरोबर कोणी जात नाही. अशा वेळी ज्याच्या फडात टोळी आहे, त्या सभासदाने किंवा आमच्या चिटबॉयने त्यांच्याबरोबर ठाण्यात जावे.

मोटारघराच्या दाराला किंवा कुंपणाच्या तारेला थेट वीज सोडून ठेवण्याचा प्रकार कोणी करत असेल, तर तो आजच थांबवावा. अंधारात दार उघडायला चोरच येतो असे नाही. पाणी पाजणारा गडी येतो, बायको भाकरी घेऊन येते, शेजाऱ्याचे पोर चेंडू शोधत येते. माणूस मेला तर तार जोडणाऱ्यावरच मनुष्यवधाचा खटला उभा राहतो.

उसाला आग लागली किंवा लावली गेली, तर त्याचीही खबर ठाण्यात द्यावी. अपघाती असेल तर आकस्मिक जळीत म्हणून नोंद होते, कोणी लावली असेल तर कलम ३२६ चा गुन्हा होतो. तारांच्या ठिणगीने पेटला असल्यास महावितरणला व विद्युत निरीक्षकांना कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण भरपाईची मागणी त्यावरच अवलंबून असते. जळीत ऊस वजनात व साखरेत झपाट्याने उतरतो, त्यामुळे तो तोडण्याची घाई असणारच. तरी तोड लावण्यापूर्वी फडाचे चारी बाजूंनी फोटो घ्यावेत आणि त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे, म्हणजे जळिताची तोड अगोदर लावता येते.

अक्षरांचे व आकड्यांचे पंच प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहेत. वहीत सही करून दोन दिवसांसाठी नेता येतात, आकार नाही. मोटार दुरुस्तीला वर काढली असेल त्याच दिवशी न्यावेत, पुन्हा विहिरीत सोडल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. ४ चा आकडा दोन संचांतून हरवलेला आहे. तो ज्यांच्याकडे राहिला असेल त्यांनी आणून द्यावा, बऱ्याच जणांच्या गट नंबरात चार आहे.